कॉन्टॅक्ट सेव्ह होत नाही, तेव्हा आधी काय पाहावं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्याचा व्यवहार कुणाकुणाशी असतो? सूत देणारी गिरणी, रंगखाना, वाहतूकदार, न्हावा-शेव्याचा क्लिअरिंग एजंट, बँकेतला परकीय चलनाचा विभाग आणि दूरदेशीचा खरेदीदार. ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी माल कुणाला, कधी आणि कोणत्या भावाने जायचा हे ठरतं ते बहुतेक ईमेलवरच. त्यामुळे ऑफिसातल्या संगणकावरची पत्त्यांची यादी ही त्या धंद्याची मिळकत असते. यंत्रमागाचा विमा काढणारा माणूसही या यादीकडे मात्र क्वचितच लक्ष देतो.

मग एक दिवस तक्रार येते: नवीन कॉन्टॅक्ट टाकला, ‘सेव्ह’ दाबलं, पण नाव यादीत येत नाही. अशा वेळी सर्वात आधी ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘प्रोग्राम काढून पुन्हा टाका’, आणि त्याच्या पुढचा, ‘फॉरमॅट मारा’. हे दोन्ही सल्ले शेवटचे असायला हवेत. प्रोग्राम काढून पुन्हा टाकल्याने बिघाड अनेकदा जसाच्या तसा राहतो, कारण बिघडलेली फाइल जागच्या जागीच असते. फॉरमॅटमुळे बिघाड जातो, पण त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांचे पत्तेही जाऊ शकतात. त्याआधी एकच प्रश्न शांतपणे विचारावा: ही नोंद नेमकी कुठे लिहिली गेली? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं.

‘सेव्ह’ दाबल्यावर काय होतं

पडद्यावर दिसते ती ॲड्रेस बुकची खिडकी. खरी यादी असते एका फाइलमध्ये, किंवा दूरच्या एखाद्या सर्व्हरवर. मोझिलाच्या थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये ही फाइल वापरकर्त्याच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असते. वैयक्तिक ॲड्रेस बुकच्या फाइलचं नाव ‘एबुक’, तर आपोआप गोळा झालेल्या पत्त्यांच्या फाइलचं नाव ‘हिस्टरी’. २०२० मध्ये आलेल्या ७८व्या आवृत्तीपासून या फाइली एसक्यूलाइट या डेटाबेसच्या स्वरूपात आहेत. त्याआधी ‘मॉर्क’ नावाचं जुनं स्वरूप होतं आणि फाइलीच्या नावाला ‘.मॅब’ ही शेपटी असायची. जुन्या आउटलुक एक्सप्रेसचे पत्ते ‘.वॅब’ फाइलमध्ये असत. नेहमीच्या आउटलुकमध्ये पॉप पद्धतीने जोडलेल्या खात्याचे पत्ते, पत्रं आणि कॅलेंडर हे सगळं एकाच पीएसटी फाइलमध्ये साठतं. जीमेलच्या खिडकीतून टाकलेला पत्ता मात्र आपल्या संगणकावर राहत नाही, तो गूगलच्या सर्व्हरवर जातो.

एवढं ध्यानात घेतलं की ‘सेव्ह होत नाही’ या एका तक्रारीच्या चार वेगळ्या तक्रारी होतात. नोंद दुसऱ्याच यादीत गेली. नोंद योग्य जागी आहे, पण दिसत नाही. नोंद लिहिलीच गेली नाही. किंवा लिहिली गेली आणि नंतर पुसली गेली. चारही तक्रारींचे उपाय वेगवेगळे आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केला, तर नसलेलं नुकसान ओढवतं.

यांतली कोणती हे ओळखण्यासाठी एक साधी चाचणी पुरते. साध्या इंग्रजी अक्षरांत एक नाव टाका, एकच ईमेल पत्ता द्या. फोटो, फोन, टिपणं काही नको. सेव्ह करा, प्रोग्राम पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा आणि तो पत्ता सर्व याद्यांत शोधा. चाचणीची नोंद टिकली, तर फाइल ठीक आहे आणि दोष आधीच्या नोंदीतल्या मजकुरात किंवा तिच्या जागेत आहे. सेव्ह करतानाच प्रोग्राम अडला, तर लिहिण्याच्या वाटेत काहीतरी आड येतंय. बंद-चालू केल्यावर किंवा तासाभराने नोंद गायब झाली, तर दुसरं कुणीतरी त्या यादीवर लिहितंय.

दुसऱ्याच यादीत गेलेली नोंद

सर्वात आधी तपासायची ती हीच शक्यता. थंडरबर्डमध्ये सुरुवातीपासून दोन याद्या असतात: वैयक्तिक आणि गोळा केलेली. आपण कुणाला पत्र पाठवलं की तो पत्ता आपोआप दुसऱ्या यादीत पडतो. म्हणून आपण पहिलीत शोधत बसतो आणि पत्ता दुसरीत असतो. डावीकडे ‘सर्व ॲड्रेस बुक’ निवडून शोधलं की खुलासा होतो.

आउटलुकमध्ये गोंधळ वेगळा आहे. ‘टू’च्या चौकटीत दोन अक्षरं टाकताच जी नावं खाली उमटतात, ती अनेकांना ॲड्रेस बुक वाटतात. ती असते फक्त पूर्वी वापरलेल्या पत्त्यांची आठवण. ती यादी वेगळी साठवलेली असते आणि नवा संगणक घेतला की बहुधा मागेच राहते. मग ‘इतकी वर्षं सेव्ह असलेले पत्ते गेले’ अशी तक्रार येते. प्रत्यक्षात ते कधी सेव्ह झालेलेच नसतात.

तिसरं कारण याहून खोल आहे. ईमेल खातं आयमॅप पद्धतीने जोडलं की फोन आणि संगणक दोन्हीकडे तीच पत्रं दिसतात. साहजिकच पत्तेही दोन्हीकडे दिसतील अशी अपेक्षा असते. पण आयमॅप फक्त पत्रं वाहून आणतं. पत्रं पाठवायचं काम एसएमटीपी करतं. कॉन्टॅक्ट या दोहोंच्या कक्षेत येतच नाहीत. म्हणूनच आउटलुक आयमॅप खात्याच्या कॉन्टॅक्ट फोल्डरपुढे ‘फक्त या संगणकावर’ अशा अर्थाची सूचना लिहितं. ऑफिसात टाकलेला पत्ता मालकाच्या फोनवर गेला नाही, तर त्यात बिघाड नसतो. पत्ते सगळीकडे हवे असतील, तर कार्डडॅव्ह ही वेगळी व्यवस्था जोडावी लागते किंवा त्या सेवेची स्वतःची जोडणी वापरावी लागते. थंडरबर्डला कार्डडॅव्हची सोय २०२१ च्या ९१व्या आवृत्तीपासून मिळाली.

फोनवरही हाच प्रश्न असतो. नवीन नाव टाकताना ते सिमकार्डावर, फोनमध्ये की गूगल खात्यात ठेवायचं, याची निवड असते. सिमकार्डावर नावासाठी जागा मोजकी आणि ईमेलची सोय बेभरवशाची. त्यामुळे नाव राहतं, ईमेल गळतो.

आहे, पण दिसत नाही

सोलापूरच्या एका ऑफिसच्या यादीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली नावं शेजारी शेजारी असतात. इंग्रजीत लिहिताना ‘व्यंकटेश’ कुणी व्ही-ई-एनने सुरू करतं, कुणी व्ही-वाय-ए-एनने. ‘श्रीनिवास’मध्ये कुणी एच घालतं, कुणी गाळतं. खुद्द शहराचं नावही जुन्या कागदपत्रांत एस-एच-ओने आणि आता एस-ओने सुरू होतं. संगणक अक्षरं जुळवतो, उच्चार जुळवत नाही. नाव सापडलं नाही की आपण ते पुन्हा टाकतो आणि एकाच माणसाच्या तीन नोंदी होतात. त्यांतल्या दोन पत्त्यांवर तो माणूस आता पत्रं वाचतही नसतो. यावर खात्रीचा मार्ग म्हणजे नावाऐवजी ईमेल पत्त्यातला ‘ॲट’च्या पुढचा भाग टाकून शोधणं. कंपनीचं डोमेन सहसा एकाच पद्धतीने लिहिलेलं असतं.

देवनागरीत नावं ठेवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘कऱ्हाडकर’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: एकदा स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वकिलांच्या नावाआधीचं ‘ॲड.’ घ्या. त्यातला ‘ॲ’ हे एक अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीचे आणि आजचेही काही कीबोर्ड ते ‘अ’वर चंद्र देऊन दोन तुकड्यांत लिहितात. एका कीबोर्डवर साठवलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, तर प्रोग्रामला ते वेगळंच नाव वाटू शकतं. नोंद असते, शोध रिकामा येतो. ऑफिसात सर्वांनी एकच मराठी कीबोर्ड वापरायचा, एवढ्या शिस्तीने हा त्रास संपतो.

युनिकोडआधीच्या काळातल्या यादीचा प्रश्न याहून अवघड. श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं मराठी आतून इंग्रजी चिन्हांचंच असायचं. फॉन्ट बदलला की त्याची मराठी आकृती नाहीशी होते. ॲड्रेस बुकच्या रकान्यात फॉन्ट निवडता येत नाही, म्हणून तिथे निरर्थक चिन्हं उमटतात. ही यादी बिघडलेली नसते. फॉन्ट-रूपांतर करणाऱ्या साधनातून तिला आधी युनिकोडमध्ये आणावं लागतं.

एक्सेलमधून यादी भरताना दोन गोष्टी सांभाळा. साध्या सीएसव्हीत जतन केलेल्या देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती प्रश्नचिन्हं पुन्हा अक्षरं होऊ शकत नाहीत. म्हणून जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्यावा. दुसरं, एक्सेल आकड्याच्या सुरुवातीचा शून्य टाकून देतं. सोलापूरचा ०२१७ हा एसटीडी कोड २१७ होतो. देशाच्या कोडासह लिहिलेला बारा आकडी मोबाइल नंबर तर दशांशाच्या भलत्याच रूपात आक्रसतो. नंबरांचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला की हे टळतं.

खरोखरच लिहिलं जात नाही तेव्हा

आता खऱ्या बिघाडाकडे. आधी नोंदीचा मजकूर पाहा. व्हिजिटिंग कार्डावरचे दोन ईमेल स्वल्पविराम किंवा तिरकी रेघ देऊन एकाच रकान्यात टाकले की काही प्रोग्राम नोंद नाकारतात. पीडीएफ किंवा व्हॉट्सॲपवरून पत्ता उचलताना शेवटी रिकामी जागा किंवा अदृश्य चिन्ह चिकटून येतं. असा पत्ता हाताने टाइप करून पाहावा. देवनागरीतले ईमेल पत्ते हीसुद्धा आता कल्पना राहिलेली नाही. त्यांचे तांत्रिक नियम २०१२ मध्ये ठरले आणि ‘.भारत’ हे डोमेन २०१४ मध्ये खुलं झालं. पण अनेक ॲड्रेस बुकांचा तपासनीस अजून फक्त इंग्रजी अक्षरांचा पत्ताच खरा मानतो. अशा वेळी चूक पत्त्याची नसते, प्रोग्रामची मर्यादा असते.

मग पाहा, ती यादी लिहिण्यासाठी आहे का? कंपनीची एलडॅप डिरेक्टरी, म्हणजे सर्वांची सामाईक यादी, कर्मचाऱ्याला फक्त वाचता येते. दूरची यादी जोडताना ‘फक्त वाचन’ असा पर्याय निवडला गेला असेल, तर तीही नवी नोंद घेणार नाही. नोंद वैयक्तिक यादीत टाकून पाहिली की हे लगेच कळतं.

त्यानंतर डिस्क. तिच्यात जागा उरली नसेल तर कुठलीच फाइल वाढू शकत नाही. आउटलुकच्या बाबतीत डिस्क रिकामी असूनही फाइल भरू शकते. जुन्या पद्धतीच्या पीएसटी फाइलची मर्यादा २ जीबी होती. आउटलुक २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी. कॉन्टॅक्टही त्याच फाइलमध्ये असल्याने, डिझाइनच्या फोटोंच्या अवजड पत्रांनी फाइल काठोकाठ भरली की एका ओळीचा पत्तासुद्धा आत जात नाही. अशा वेळी जुनी पत्रं वेगळ्या फाइलमध्ये हलवावीत.

जुन्या सीडीवरून बॅकअप परत आणला असेल, तर फाइलवर ‘रीड-ओन्ली’ची खूण राहून जाते. अशा संगणकावर जुने पत्ते व्यवस्थित दिसतात, नवा एकही बसत नाही. फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधली ती खूण काढली की काम होतं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाचं संरक्षण आहे. ते चालू असेल, तर अनोळखी प्रोग्रामला ‘डॉक्युमेंट्स’सारख्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. प्रोफाइल किंवा पीएसटी तिथे हलवली असेल, तर प्रोग्रामला परवानगीच्या यादीत घालावं. संरक्षण सरसकट बंद करू नये.

शेवटचं कारण म्हणजे फाइलच दुखावलेली असणं. लिहिता लिहिता वीज गेली तर असं होऊ शकतं. भारनियमनाचा काळ आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मॉर्कच्या फाइली अशा धक्क्यात सहज बिघडत. एसक्यूलाइट प्रत्येक बदलाचा मागोवा सोबतच्या दुसऱ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मुख्य फाइल वीज गेल्यावरही सहसा सावरते. पण या सोयीची एक अट आहे: प्रोग्राम चालू असताना फक्त मुख्य फाइल उचलून कॉपी केली, तर अगदी ताज्या नोंदी मागे राहू शकतात. म्हणून कॉपी करण्याआधी प्रोग्राम बंद करायचा, हा नियम कधी मोडू नये.

लिहिलेलं पुसलं जातं तेव्हा

पत्ते दोन ठिकाणांहून बदलत असतील, तर कुठली प्रत खरी हे ठरवावं लागतं. कार्डडॅव्हमध्ये प्रत्येक नोंदीला सर्व्हर एक खूण देतो. आपल्याकडची खूण जुनी झाली असेल, तर तो आपला बदल नाकारू शकतो. खात्याचा पासवर्ड बदलल्यावर ईमेल प्रोग्राममध्ये तो पत्रांसाठी नवा दिला, पण कॉन्टॅक्टच्या जोडणीला जुनाच राहिला, असंही घडतं. पत्रं येत राहतात, म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि पत्त्यांची देवाणघेवाण गुपचूप थांबलेली असते. जोडणी काढून नव्याने जोडणं हा उपाय खरा, पण त्याआधी संगणकावरची यादी वेगळी उतरवून ठेवावी. नाहीतर सर्व्हरवर न पोचलेल्या नोंदी कायमच्या जातात.

एकच प्रोफाइल किंवा पीएसटी वनड्राइव्हमध्ये अथवा ऑफिसच्या नेटवर्कवर ठेवून दोघांनी वापरणं टाळावं. या फाइली एका वेळी एकाच प्रोग्रामने उघडण्यासाठी केलेल्या असतात. एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या प्रतीखाली गाडलं जातं. विंडोजबरोबर पूर्वी मिळणारी ‘मेल’ आणि ‘पीपल’ ही ॲप्स वापरणाऱ्यांसाठी कारण आणखी साधं आहे: मायक्रोसॉफ्टने त्यांना दिलेला आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपवला. तिथे अजून पत्ते असतील तर ते लवकर बाहेर काढावेत.

गूगल कॉन्टॅक्टमध्ये चूक सुधारायला मुदत आहे. संपूर्ण यादी गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेच्या स्थितीवर परत नेता येते. महिना उलटून गेल्यावर ही वाट बंद होते, म्हणून शंका आली त्याच दिवशी पाहावं.

दुरुस्तीचा क्रम

पहिलं काम प्रत काढायचं. थंडरबर्डच्या ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. ते उघडून जागा पाहून घ्या, प्रोग्राम बंद करा आणि अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. त्यानंतर चाचणीची नोंद करा. मग प्रोग्राम ‘ट्रबलशूट मोड’मध्ये सुरू करा. त्यात जोडलेले ॲड-ऑन बंद असतात, आणि तिथे नोंद टिकली तर दोष एखाद्या ॲड-ऑनचा. त्यानेही भागलं नाही, तर प्रोग्राम बंद करून ‘एबुक’ फाइलचं फक्त नाव बदला. ती पुसू नका. पुन्हा सुरू केल्यावर प्रोग्राम नवी, रिकामी यादी तयार करतो. तिच्यात नोंद टिकली, तर जुनी फाइल दुखावलेली होती हे नक्की झालं. मग बॅकअपमधले पत्ते नव्या यादीत आणता येतात. आउटलुकच्या पीएसटीसाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचं साधन आहे. तेही मूळ फाइलवर चालवण्याआधी तिची प्रत काढावी.

पत्ते आपल्या ताब्यात ठेवण्यासाठी

दुरुस्ती झाल्यावर खरं काम सुरू होतं. सुदैवाने पत्त्यांसाठी सर्वमान्य स्वरूप आहे: व्हीकार्ड. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘वर्सिट’ गटाने ते १९९०च्या दशकाच्या मध्यात आणलं, आणि त्याची आजची ४.० ही आवृत्ती २०११ची. थंडरबर्ड, गूगल, आयफोन, अँड्रॉइड सगळ्यांना ते कळतं. दर महिन्याला संपूर्ण यादी व्हीकार्डमध्ये उतरवून दोन वेगवेगळ्या जागी ठेवली, तर प्रोग्राम कोणताही बिघडला तरी धंदा अडत नाही.

यादी साफ ठेवण्यामागे पैशाचंही कारण आहे. खरेदीदाराच्या किंवा पुरवठादाराच्या पत्त्यात एखादं अक्षर बदलून भामटे तसाच दिसणारा पत्ता तयार करतात आणि ‘आमचं बँक खातं बदललं’ असं कळवतात. अशा पत्राला आपण एकदा उत्तर दिलं की तो खोटा पत्ताही आपोआप गोळा होणाऱ्या यादीत बसतो, आणि पुढच्या वेळी दोन अक्षरांवर तोच वर येतो. म्हणून गोळा झालेली यादी अधूनमधून तपासून अनोळखी नोंदी काढाव्यात आणि व्यवहाराचे पत्ते स्वतः पडताळून वैयक्तिक यादीत ठेवावेत. बँक खातं बदलल्याचं पत्र आलं, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या फोन नंबरवर बोलूनच पैसे पाठवावेत. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याच क्षणी कळवावं. पैसे पुढे सरकायच्या आत थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

प्रत्येक ऑफिसात एका माणसाकडे ही जबाबदारी नावाने द्यावी: यादी कुठे साठते, कोणत्या खात्याशी जोडलेली आहे, शेवटचा बॅकअप कधी घेतला. ही तीन उत्तरं एका कागदावर लिहून फाइलला लावावीत. हिशेब लिहिणारा माणूस बदलला, संगणक बदलला, प्रोग्राम बदलला, तरी त्या कागदावरून दुसरा माणूस काम पुढे नेऊ शकतो. सोलापूरच्या कारखानदाराने माणसं जोडायला आयुष्य घातलेलं असतं. त्यांचे पत्ते जपायला महिन्यातला अर्धा तास लागतो, आणि तो द्यायलाच हवा.